मोबाईलची क्लिपवाली मॅक्रो लेन्स: नथीसाठी घेतली, कोळ्यासाठी ठेवली

आधी स्टार सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. नथीच्या फोटोंसाठी पाचपैकी दोन. कोळ्यासाठी साडेचार. अर्धा कापलाय तो लेन्सच्या चापाचा (क्लिपचा), त्याच्याबद्दल पुढे बोलणारच आहे.

मी घरून नथी बनवून ऑनलाईन विकते, जास्त करून चापाच्या, कारण हल्ली नाक टोचलेलं असतं कुणाचं. गिऱ्हाईक फोटो मागतं ते अगदी जवळून, मोती किती गोल आहे, तार कुठे वळवलीय, खडा नीट बसलाय ना. फोन जवळ नेला की सगळं धूसर. म्हणून ही लेन्स मागवली, साडेसातशेला, डब्यात दोन लेन्सा, एकीवर १० एक्स लिहिलेलं, दुसरीवर २० एक्स, एक चाप आणि चष्मा पुसायचं असतं तसं फडकं. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण असल्या लेन्सा दहा नावांनी मिळतात आणि सगळ्या बहुतेक एकाच साच्यातून येत असाव्यात. डिलिव्हरी दोन दिवस उशिरा, खोका एका कोपऱ्यात चेपलेला, पण आत स्पंज होता त्यामुळे काच वाचली.

नथीवर पहिला प्रयत्न केला आणि हिरमोड झाला. मधला एक मोती लख्ख, बाकी नथ धुक्यात. मॅक्रोमध्ये फोकसचा पट्टा कागदासारखा पातळ असतो हे मला माहीतच नव्हतं, आणि नथ म्हणजे काही सपाट वस्तू नाही, तिला पोट आहे, वळण आहे. कडेचे मोती तर लांबट होतात, अंड्यासारखे. एका ताईंनी तो फोटो बघून विचारलं की मोती असे चपटे का, आता काय सांगणार. परत करायचीच होती, खोका पण बांधून ठेवला होता, आणि त्याच आठवड्यात मी जुन्या नथींच्या डब्या काढायला माळ्यावर चढले.

माळ्यावर सासूबाईंच्या साड्यांची खोकी आहेत आणि जुने दिवाळी अंक, आणि जिथे जुना कागद तिथे कसर आलीच, ती चंदेरी सुळकन पळणारी. एका खोक्याच्या मागे भिंतीवर एक कोळी अगदी सावकाश चालत होता. सावकाश म्हणजे किती, तर एक पाय उचलून विचार करून ठेवावा तसा. फिकट पिवळट रंग, अंगावर आणि पायांवर काळे ठिपके, पाय लांब बारीक, आणि पुढचा भाग फुगलेला, कुबड आल्यासारखा. साधारणपणे कोळ्याचं पोट मोठं आणि डोकं लहान दिसतं, ह्याचं दोन्ही सारखंच. मी आईंना (सासूबाईंना आई म्हणते) हाक मारली, त्या खालून म्हणाल्या, "अगं झाडू देऊ का वर?" म्हटलं नको, थांबा, ती लेन्स द्या.

तर हा म्हणजे थुंकणारा कोळी. शास्त्रातला वंश (जीनस) सायटोडिस, हे नाव लात्रेय नावाच्या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने १८०४ साली दिलं, जगभरात मिळून ह्याच्या दोनशेच्या वर जाती आहेत आणि त्यातल्या काही आपल्यासारख्यांच्या घरात भिंतीवर, फोटोफ्रेममागे, मोरीच्या कोपऱ्यात निवांत राहतात. नेमकी कुठली जात हे माझ्या फोटोवरून सांगणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे पण वंश नक्की, कारण ते कुबड आणि सहा डोळे. बहुतेक कोळ्यांना आठ असतात, ह्याला सहा, दोन-दोनच्या तीन जोड्या. हे सहा डोळे मी १० एक्सच्या लेन्समधून मोजले, आणि त्या क्षणी बांधलेला रिटर्नचा खोका सोडला.

कुबडात काय आहे तर ग्रंथी. इतर कोळ्यांच्या विषाच्या ग्रंथी लहान असतात, ह्याच्या एवढ्या मोठ्या की डोक्याचा घुमट झालाय. त्यातही दोन भाग, पुढच्या भागात विष, मागच्या भागात डिंक. हा जाळं विणून वाट बघत बसत नाही, भक्ष्य दिसलं, म्हणजे दिसलं असं म्हणायचं, नजर काही खास नसते, पुढच्या लांब पायांनी अंदाज घेतो, हलकेच टिचकी मारल्यासारखं करतो आणि एक-दोन सेंटीमीटरवरून पिचकारी मारतो. खलास. समोरचा जीव भिंतीला चिकटतो. मग हा आपला सावकाश जाणार, चावणार, गुंडाळणार, जेवणार. आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे आपल्या जिन्यातल्यांसारखाच की, बोर्ड लावून काही उपयोग नाही." आमच्या जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावून पण लाल रंग थांबलेला नाही, असो.

पण ही पिचकारी पान खाणाऱ्यासारखी वाटेल तशी उडालेली नसते, इथे मला माझा धंदा आठवला. २००९ साली सुटर आणि स्ट्रॅटन ह्या दोघांचा एक अभ्यास आला होता, सायटोडिस थोरॅसिका ह्या जातीवर, हायस्पीड कॅमेऱ्याने. त्यात असं निघालं की कोळी थुंकताना सुळे डावी-उजवीकडे थरथरवतो, सेकंदाला २७८ पासून १,७८१ वेळा ह्या वेगाने, आणि त्याच वेळी जबडा खालून वर उचलतो, म्हणजे समोर नागमोडी नक्षी पडते, दोन जबड्यांच्या दोन. आणि सुळा बाहेरून आत येताना जी तार पडते तिच्यावर डिंकाचे मणी असतात, आतून बाहेर जाताना नसतात. एक तार मण्यांची, पुढची नुसती, परत मण्यांची. मी हे वाचलं तेव्हा माझ्या हातात चिमटा होता आणि तारेत मोती ओवत होते, मी खरंच हसले. पुढचं तर अजून मजेशीर, तार पडल्यावर ०.२ सेकंदात ती ४० ते ६० टक्के आखडते. आम्ही पण मोती ओवून झाले की तार खेचून आवळतो, नाहीतर नथ ढिली बसते. फरक एवढाच की मला एका नथीला पाऊण तास लागतो आणि ह्याचं सगळं काम बहुतेक वेळा ३० मिलीसेकंदांच्या आत उरकतं. थुंकीचा वेग त्यांनी मोजला तो सेकंदाला २८.८ मीटरपर्यंत, गुणून बघितलं तर ताशी जवळजवळ १०४ किलोमीटर, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी स्पिनरपेक्षा जोरात. आणि हा बोलर आहे केवढा तर माझ्या नथीच्या मधल्या मोत्यापेक्षा जरासा मोठा, पाचेक मिलीमीटर.

आता लेन्सकडे येते कारण रिव्ह्यू लेन्सचा आहे.

भिंगावर १० एक्स, २० एक्स लिहितात त्याचा हिशेब सरळ आहे, २५० मिलीमीटरला भिंगाच्या फोकल लेंथने भागायचं. म्हणजे १० एक्सचं भिंग २५ मिलीमीटरचं, आणि २० एक्सचं साडेबारा. आणि फोनवर लावल्यावर वस्तू साधारण तेवढ्याच अंतरावर धरावी लागते तेव्हा फोकस होतो. हे डब्यावर कुठेही लिहिलेलं नाही!! लिहायला पाहिजे होतं. कारण घेताना सगळ्यांना वाटतं की जास्त एक्स म्हणजे जास्त चांगलं, मला पण वाटलं. आता जोडून बघा, कोळ्याच्या पिचकारीचा पल्ला एक ते दोन सेंटीमीटर. १० एक्सने फोटो काढताना मी अडीच सेंटीमीटरवर, पल्ल्याच्या जेमतेम बाहेर. २० एक्स लावली की सव्वा सेंटीमीटरवर, बरोब्बर टप्प्यात.

हे गणित मला नंतर कळलं. आधी कळलं ते असं की २० एक्स लावून मी हळूहळू जवळ जात होते, फोकस काही लागेना, आणखी जवळ, आणि माझी सावली त्याच्यावर पडली, चापाची कड पण त्याच्या पायाला लागली असणार, आणि स्क्रीनवर एकदम काहीतरी आडवंतिडवं आलं. मला वाटलं फोन हँग झाला. लेन्स काढून बघितली तर काचेवर थुंकी. शिकारीशिवाय हा स्वतःच्या बचावासाठी पण थुंकतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मी पण थुंकले असते. मग १० एक्सची लेन्स फोनला लावून २० एक्सच्या काचेचा फोटो काढला, हा माझ्याकडचा सगळ्यात भारी फोटो आहे, नागमोडी रेघा अगदी स्पष्ट, दोन पट्ट्यांत, आणि काही रेघांवर ठिपके ठिपके. मणीच असतील असं मी समजते. फडक्याने पुसलं तर अर्धं निघालं, अर्धं काचेला धरून बसलं, आणि मग मी पण सोडून दिलं.

दुसरी गोष्ट उजेडाची. फोन एवढा जवळ नेला की फोनचीच सावली पडते आणि फोनचा फ्लॅश चापाच्या आड जातो. बरोबर रिंगलाईट देतात काही लोक, ह्यात नाही. मी एक छोटी बॅटरीवरची टॉर्च घेतली आणि तिच्यावर पांढरा टिश्यू पेपर रबराने बांधला, उजेड मऊ पडतो. नथीला पण हे लागू आहे, मोत्यावर टॉर्चचा पांढरा डोळा दिसतो तो टिश्यूने जातो. ट्यूबलाईटखाली स्लो मोशन अजिबात घेऊ नका, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण २४० फ्रेमच्या व्हिडिओत सगळं लुकलुकतं, लग्नाच्या हॉलची लायटिंग वाटते. बॅटरीच्या टॉर्चने माझा त्रास गेला.

स्लो मोशनचं खूळ डोक्यात शिरलं ते मुलाने सांगितल्यामुळे. तो म्हणाला मम्मी थुंकतानाचा व्हिडिओ काढ. मग त्या कोळ्याला मी माझ्या नथीच्या पारदर्शक डबीत ठेवलं, खाली पांढरा कागद, झाकणाला फट, आणि केळ्याच्या सालीवर जमतात ती चिलटं दोन-तीन आत सोडली. आता हिशेब असा की २४० फ्रेममध्ये एक फ्रेम साधारण ४ मिलीसेकंदांची, आणि सगळी थुंकी ३० मिलीसेकंदांच्या आत, म्हणजे सात फ्रेम. त्या सात फ्रेम पकडायला मी तीन रात्री दोन-दोन तास बसले. हा रात्रीचा गडी आहे, दिवसा हलत नाही. घरातले सगळे झोपलेले, मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोन स्टँडला लावून, टॉर्च हातात, आणि तो कोळी एका पायावर विचार करतोय. दोनदा चिलट त्याच्या अगदी पायाशी येऊन गेलं तरी ढिम्म. एकदा थुंकला तेव्हा फोकस चिलटाच्या मागे होता. तिसऱ्या रात्री जमलं. पाच फ्रेम मिळाल्या. पहिल्या फ्रेममध्ये चिलट उभं आहे, शेवटच्या फ्रेममध्ये पण तिथेच उभं आहे, फक्त पंखांवर काहीतरी पांढुरकं आणि एक पाय वाकडा. सुळे थरथरताना दिसतील अशी आशा होती पण सेकंदाला हजार वेळा हलणारी गोष्ट २४० फ्रेममध्ये येणार कुठून, त्याला लॅबचा कॅमेराच पाहिजे. तरी पण मुलगा ते पाच फ्रेमचं पंचवीस वेळा बघतोय, शाळेच्या ग्रुपवर पण टाकलं आणि एका मुलाच्या आईने मला विचारलं की घरात विषारी कोळी कसा काय ठेवता.

तर त्याबद्दल, माणसाला ह्याच्यापासून काही धोका नाही, एवढुसा जीव आहे, त्याचे सुळे आपल्यासाठी नाहीतच. थुंकीत विष असतं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं पण २००५ साली सायटोडिस पॅलिडा ह्या आग्नेय आशियातल्या जातीवर अभ्यास झाला त्यात नुसत्या थुंकीने शिकार मेली नाही, थुंकीचं काम चिकटवणं, मारायचं काम चाव्याचं. आणि त्याच अभ्यासात हेही होतं की हा कोळी थुंकी जपून वापरतो, शिकार मोठी असेल, जास्त धडपडत असेल तर जास्त, नाहीतर कमी. डिंक बनवायला पण शेवटी खाणंच लागतं ना.

ह्याला मारणारा पण एक आहे, तो वाचून मला रात्रभर झोप नाही आली. पोर्शिया नावाचे उडी मारणारे कोळी असतात, त्यांचं खाणंच मुळी दुसरे कोळी. फिलिपिन्समध्ये लॉस बान्योस म्हणून गाव आहे तिथे पोर्शिया आणि थुंकणारा कोळी शेजारी राहतात, आणि तिथला पोर्शिया ह्याच्यावर सहसा समोरून जात नाही, लांबचा वळसा घालून पाठीमागून येतो, कारण पिचकारी समोर उडते. अपवाद एकच. थुंकणाऱ्या कोळ्याची मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून फिरते, जबड्यात, आणि तोंडात अंडी असताना थुंकायचं कसं, आधी ती खाली ठेवावी लागतात. पोर्शियाला हे कळतं. अंडीवाली मादी दिसली की तो वळसा घालत नाही, सरळ समोरून येतो. आणि त्याच देशात सगादा म्हणून डोंगराळ भाग आहे जिथे थुंकणारे कोळी नाहीत, तिथल्या पोर्शियाला ही अक्कल नाही. आईंना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "बाळंतिणीवर हल्ला करतो मेला."

परत चापाकडे. चाप वाईट आहे. स्प्रिंग ठीक पण आतलं रबर दुसऱ्याच आठवड्यात एका बाजूने सुटलं, मी नथीला वापरते तो डिंक लावून चिकटवलं. चापाची पकड फोनच्या कव्हरवर बसत नाही, कव्हर काढावं लागतं, आणि लेन्स बरोबर कॅमेऱ्याच्या मध्यावर आली नाही तर एका बाजूला काळी चंद्रकोर येते. तीन-तीन कॅमेरे असलेल्या फोनवर तर आधी कुठला कॅमेरा चालू आहे ते एक बोट ठेवून बघावं लागतं, कारण जवळ गेलं की फोन आपणहून दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि तुम्ही बसता बघत. साडेसातशे घेतले आहेत तर चाप तरी धड द्यावा, माझी अडीचशेची नथ पण ह्यापेक्षा घट्ट बसते नाकावर. विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं, प्रिय ग्राहक, आपल्या अनुभवाबद्दल क्षमस्व, बास, पुढे काही नाही.

काच मात्र खरी आहे, प्लास्टिक नाही, वजन लागतं हाताला. मध्यभागी खरंच धारदार. १० एक्समध्ये कोळ्याच्या पायावरचे केस मोजता येतात, कसरीच्या अंगावरचे खवले दिसतात, डासाच्या सोंडेचं टोक दिसतं. सपाट वस्तूंना मस्त आहे, नाणी, पोस्टाची तिकिटं, साडीची जर. नथीला हवी असेल तर एकच मोती किंवा एकच खडा दाखवायला वापरा, अख्खी नथ ह्यातून नको, त्यासाठी मी आता फोन लांब धरून झूम करते आणि नंतर कापते, गिऱ्हाईक खूश.

आणि कोळी शोधायचा असेल तर एक फरक लक्षात ठेवा, घराच्या कोपऱ्यात उलटा लटकलेला, हात लावला की गदागदा हलणारा, लांब पायांचा असतो तो हा नव्हे, तो वेगळा, त्याची मादी पण अंडी जबड्यात धरते त्यामुळे गोंधळ होतो. हा भिंतीवर चालतो, कुबड आहे, ठिपके आहेत, आणि त्याला कसलीही घाई नाही.

आमच्याकडचा आता परत माळ्यावर आहे. म्हणजे तो नाही, ती. मागच्या रविवारी १० एक्स घेऊन चढले तर तोंडाखाली पांढुरक्या धाग्यांत बांधलेला दाण्यांचा पुंजका, धागे इतके विरळ की आतली अंडी एक-एक दिसतात, एखाद्या नथीतून सगळे मोती एका बाजूला सरकावेत तशी. फोटो दोनच काढले, टॉर्च लांब ठेवून. आई ह्या वर्षी म्हणाल्यात दिवाळीची साफसफाई माळ्याची शेवटी करू.

२० एक्सची लेन्स मला नको आहे. डोंबिवलीत कुणाला हवी असेल तर फुकट घेऊन जा, कमेंटमध्ये सांगा. काचेवर एक डाग आहे, तो कशाचा ते वर लिहिलंय.